झिरोची बाटली

शेवटची पट्टी जखमेला चिकटून बसली होती. सिस्टरने तिच्यावर सलाईन सोडलं, दोन मिनिटं कळ काढली आणि चिमट्याने ती हळूहळू सोडवली. खालून वास आला तशी तिने तोंड फिरवलं. बावीस वर्षं घरोघर ड्रेसिंगं करून आपलं नाक मेलंय, असं ती सगळ्यांना सांगायची, पण ते खोटं होतं. पुवाचा वास एक वेळ चालायचा. त्यात मिसळलेला हा फसफसत्या पेयाचा गोडसर वास मात्र तिला अजिबात सोसत नसे.

"काय म्हणतोय आमचा ब्रेकचा पाय?" मास्तरांनी विचारलं.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे. तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून त्यांनी अर्ध्या गावाला गिअर बदलायला शिकवलं, आणि तेवढी सगळी वर्षं मांडीशी काळ्या कोल्ड्रिंकची बाटली बाळगली. आता उजव्या पायाची दोन बोटं गेली होती आणि तिसऱ्याची कड काळी पडत चालली होती. शुक्रवारी सर्जन बघणार होते. जखम भरायला लागली नसेल तर पाय घोट्यापासून काढावा लागणार, हे मास्तरांना, त्यांच्या बायकोला म्हणजे वहिनींना आणि सिस्टरला पक्कं ठाऊक होतं.

आज रक्तातली साखर तीनशे चाळीस निघाली होती. काय खाल्लंत, असं सिस्टरने विचारलं तेव्हा मास्तरांनी दोन्ही हात वर केले. भात बंद, बटाटा बंद, पेयसुद्धा बिनसाखरेचं झिरो. झिरोला सिस्टरनेच मान डोलावली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की साधं पाणीच प्या, झिरोने गोडाची चटक काही सुटत नाही. पण मास्तरांनी असा थयथयाट केला की वहिनी मध्ये पडल्या आणि झिरोवर तडजोड झाली. तेव्हापासून दीड महिना ती बाटली उशाशी होती. "ह्या दोघींनी हे औषधी पाणी पाजून पाजूनच माझा पाय सडवला," असं मास्तर आल्यागेल्याला सांगायचे.

घाण कापूस ट्रेमध्ये टाकायला सिस्टर वळली आणि तिची चप्पल फरशीलाच राहिली. ओढली तेव्हा चर्र आवाज झाला. पलंगाखाली काल सांडलेलं पेय वाळलं होतं आणि त्याच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती. तिने हातमोजा काढून बोट टेकवलं, ते चिकटलं. ड्यूटीवर असताना तिने स्वतः झिरोचे डबे रिचवले होते, टेबलावर सांडलेही होते. झिरो वाळलं की नुसता डाग राहतो, असा चिकटा राहत नाही आणि मुंगी तिकडे फिरकत नाही. तिने बोट ॲप्रनला पुसलं, पुन्हा पुसलं. पू लागला असता तरी तिला इतकी शिसारी आली नसती.

स्वयंपाकघरात वहिनी भांडी विसळत होत्या. ओट्याखाली साखरेच्या पेयाची मोठी बाटली होती आणि तिच्या शेजारी नरसाळं. सिस्टरने विचारण्याआधीच त्यांनी नळ बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. पहिल्या दिवशी मास्तरांनी झिरोचा घोट त्यांच्या अंगावर थुंकला, दुसऱ्या दिवशी ग्लास भिंतीवर फेकला. तिसऱ्या दिवशी वहिनींनी झिरोच्या रिकाम्या बाटलीत नेहमीचं पेय भरलं, तर मास्तर मिटक्या मारत म्हणाले, झाली बुवा सवय.

"त्या दिवशी घरात शांतता होती हो, ताई," वहिनी म्हणाल्या. "वाटलं, हळूहळू पाणी मिसळत नेईन. पण चमचाभर पाणी घातलं तरी ओळखतात."

सिस्टर खोलीत परतली, नवे हातमोजे चढवून पायाशी बसली.

"मास्तर, बाटलीत झिरो नाहीये."

मास्तरांनी आवाज खाली आणला. चेहऱ्यावर चोरी पकडल्याची लाज नव्हती, उलट डोळे मिचकावल्यासारखं हसू होतं.

"मला काय कळत नाही होय? पहिल्याच घोटाला कळलं. तुम्ही गप्प बसा. मला माहीत आहे हे तिला समजलं, तर घाबरून बंद करेल."

"आणि पाय?"

"गेलाच, तर बाटली कोण भरत होतं? माझ्यावर कुठे येतंय!"

सिस्टरला किळस आली. जखमेची नाही, ती बिचारी रोज तिच्या हाताखालची होती. त्या हसऱ्या तोंडाची आली. आणि आपणही या तडजोडीला मान डोलावली, याची तर फारच आली.

वहिनी दारात उभ्या होत्या. चार वाजता ग्लास द्यायचा, म्हणून तो भरून आणला होता. त्या किती वेळ उभ्या होत्या, हे विचारायची गरज नव्हती. मास्तरांनीही विचारलं नाही, सवयीने हात तेवढा पुढे केला.

वहिनी पलंगाशी आल्या. त्या हाताकडे त्यांनी नीट पाहिलं आणि ग्लास ट्रेमधल्या कापसावर उपडा केला. पुवावरून करडा फेस चढला आणि काठापर्यंत आला.

"शुक्रवारी डॉक्टरांना मीच सांगते, ताई," त्या म्हणाल्या. "मी काय भरत होते ते. आणि ह्यांना ठाऊक होतं, तेही."

त्यांनी ट्रे उचलला आणि सांडू न देता बाहेर नेला. मास्तरांचा हात तसाच पुढे राहिला होता.