एक सूत जागा

सायकलच्या कामात मला कुणी शिकवायला आलेलं खपत न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. मी वीरण्णा. लातूरला औसा रोडला बत्तीस वर्षं सायकली दुरुस्त करायलोय. लोकं म्हणतात, वीरण्णाचा हात चांगला पण तोंड वाईट. म्हणू द्या. मला कुठं कुणाच्या घरी सोयरीक जोडायचीय? पण आज सांगायचंय ते माझ्या बायकोच्या डोळ्यांचं, अन् तिथं आलं की हे तोंड मला धड साथ देत न्हाई.

सिंधु माझी बायको. तिचं माहेर चाकूरच्या पलीकडं. लहानपणी भावाच्या सायकलवर, फ्रेममधून पाय घालून कैची मारत शिकलेली, चाकूरला शाळेला सायकलवर जाणारी पोरगी. माझ्या घरात आली अन् सायकल सुटली. आई म्हणायची, सायकलवाल्याची सून सायकलवर गावभर हिंडली तर लोक काय म्हणतील. मी मान डोलावली. दुकानात ढिगानं सायकली अन् घरच्या बाईला एकबी न्हाई. तिनं कधी मागितली न्हाई, अन् मलाबी ते सोयीचं होतं.

मागल्याच्या मागल्या दिवाळीच्या सुमाराला तिला दारं-चौकटी लागायला लागल्या. डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. बाजूचं दिसणं गेलंय, समोरचं नळीतून बघितल्यावाणी उरलंय. गेलेलं परत येत न्हाई, उरलेलं थेंब घालून जपायचं, अन् ते किती दिवस टिकंल ते आमच्या हातात न्हाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चहा देताना तिनं आयुष्यातली पहिली मागणी केली.

"येळवशीला ईश्वरप्पाच्या शेतात सायकलवर जायचंय. एकटीला आता जमणार न्हाई. तुम्ही पुढं बसा, मी मागं. पण पायडल मी मारणार. दिसतंय तवर शाळेचा रस्ता एकदा बघू द्या मला."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी घराला कुलूप अन् समदी माणसं शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, त्यात पूजा, मग भज्जी, आंबील. ईश्वरप्पा तिचा भाऊ. त्याच्या शेतात पन्नास-साठ माणसाची पंगत बसते. दोन महिने हातात होते. मी म्हणलं, एवढंच ना? घे झालंच समज.

दोन जुन्या फ्रेमा कापल्या अन् जोडून एक लांब सायकल केली. दोन सीटा, दोन हँडल, दोन जोड पायडल. दोघांच्या पायडलांना जोडणारी एक चेन डावीकडून, अन् तिथून मागच्या चाकाला जाणारी दुसरी उजवीकडून. शेताच्या वाटंवर काळ्या रानातल्या वाळक्या चाकोऱ्या असतात, तिचं अंग हिंदळू नये म्हणून मागं जाडजूड टायर घातला. तिथूनच माझी साडेसाती लागली बघा. टायर एवढा रुंद झाला की चेन त्याला घासायला लागली.

आमच्या धंद्यात मिलिमीटर पोरं बोलतात. मी सुतात मोजतो, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या उस्तादानं एकच गोष्ट डोक्यात ठोकलेली, फिरणाऱ्या दोन वस्तूंत एक सूत मोकळी जागा पायजे, अन् ती नसल तर सायकल दुकानाच्या पायरीखाली उतरवायची न्हाई. मग चेन बाहेर सारायची म्हणून आनंदराजकडं गेलो. त्याचं एमआयडीसीत लेथ हाय. त्यानं पायडलाचा आस लांब करून दिला, मी चाकाकडच्या दातऱ्यामागं वॉशर घातले, मागच्या नळ्या फाकवल्या, चाकाच्या तारा परत ओढून चाक मधोमध आणलं. चेन टायरपासून सुटली. मी दुकानात एकटाच हसलो.

पण सिंधु साडी नेसणार. दोन्ही बाजूंना चेन, म्हणजे पदर नायतर काठ ओढला गेलाच. त्यासाठी दोन्हीकडं पुरी बंद चेनकव्हरं पायजेत. अन् चेन बाहेर आली म्हणल्यावर कव्हरबी बाहेर आलं. डावीकडचं कसंबसं बसलं. उजवीकडं पायडलाचा दांडा दर फेऱ्याला कव्हराला लागायचा. टक. टक. टक. कव्हर आत ठोकलं की चेन पत्र्याला घासणार, बाहेर काढलं की दांडा लागणार. पायडलाचा आस आणखी लांब करावा तर चेन वाकडी पळणार. मी पत्रा कापायचो, वाकवायचो, फेकायचो. आनंदराज म्हणाला, वीरण्णा, वहिनीला ड्रेस घाल म्हणा, कव्हरच नको. मी त्याला सांगितलं, तुझं लेथ तू बघ, माझी बायको मी बघतो.

त्याच दिवसांतलं एक सांगायचं न्हाई म्हणत होतो, पण सांगतो. ती दुकानात डबा घेऊन आली अन् तिचा पाय बेअरिंगच्या छर्ऱ्यांच्या डब्याला लागला. समदे छर्रे रस्त्यावर. माझ्या तोंडातून निघून गेलं, "डोळे फुटले का तुझे?"

रोज कुणाला ना कुणाला म्हणतो मी हे. ती खाली बसली अन् हातानं चाचपून छर्रे गोळा करायला लागली. मला तिथंच जमिनीत गाडून घ्यावं वाटलं, पण मी सॉरी म्हणलो न्हाई. पाना उचलून पुन्हा कव्हराशी झुंजायला बसलो. मला वाटायचं, सायकल झाली की समदं फिटंल.

येळवशीचा दिवस उजाडला. कव्हर अजून टकटकच करत होतं. सिंधु आवरून दारात आली ती ड्रेस घालून. नांदेडला दिलेल्या आमच्या तनुजानं आईसाठी आणलेला, निळा, ओढणीला गाठ मारलेली. चाळीशीच्या अलीकडची दिसत होती. म्हणाली, कव्हर काढून टाका, आता कशात काय अडकत न्हाई. चला.

पाच मिनिटाचं काम होतं. चार इस्क्रू.

माझ्या डोळ्यापुढं ईश्वरप्पाच्या शेतातली पंगत आली. तिच्या चुलत्या, भावजया, गावातली जुनी माणसं. जावई सायकलवर अन् मागं ड्रेस घातलेली बायको टांगा टाकून. मी म्हणलं, माहेरच्यांपुढं हे ध्यान घेऊन मी जाणार न्हाई. साडी नेस. अन् अर्धवट काम मी दुकानाबाहेर काढत न्हाई, तुला म्हाईत हाय. पुढच्या येळवशीला जाऊ.

ती म्हणाली, "घासू द्या हो. वाजू द्या टकटक. मला चालतंय."

मी न्हाई म्हणलं. ती आत गेली, साडी नेसून आली. आम्ही ईश्वरप्पाच्या जीपमधून गेलो. जीपमध्ये मागं तिच्या बाजूला काच न्हाई, ताडपत्री. तिला रस्ता दिसलाच न्हाई. शेतात पूजा झाली, जेवणं झाली, ती बांधावर जाऊन उभी राहिली अन् मान इकडून तिकडं फिरवत एकेक तुकडा बघत होती. मी लांबून बघितलं अन् मनात म्हणलं, बघती हाय की. वर्षभर कुठं जातंय.

वर्षभर कुठं जातंय! पावसाळ्यात डोळ्यातलं प्रेशर चढलं. तनुजानं नांदेडला नेऊन ऑपरेशन करवलं. डॉक्टरनं हाताची बोटं दाखवली, ती म्हणाली, कुणीतरी उभं हाय एवढं कळतंय. दसऱ्याला तेबी बंद झालं. आता उजेड अन् अंधार, बास.

अन् कव्हर? ते झालं की. दिवाळीनंतर. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा पातळ पत्रा घेतला, कव्हराच्या पोटात चेनपुरती जागा ठेवून वरून थापी मारत बशीवाणी आत घेतलं, दांडा थोडा बाहेर वाकवला. एक सूत जागा मिळाली. बरोबर एक सूत. पायडल फिरवलं तर आवाज न्हाई. बत्तीस वर्षांत एवढं साफ काम माझ्या हातून झालं न्हाई. आनंदराज आला, बघितलं, अन् माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. तवा मी रडलो. दुकानात, गिऱ्हाइकांपुढं.

ह्या येळवशीला मी तिला विचारलं, जायचं का. मला वाटलं, न्हाई म्हणंल. ती हो म्हणाली अन् हिरवी साडी नेसली.

पहाटंच निघालो. ती मागं बसून पायडल मारत होती, अन् काय मारत होती! मला पुढं ओढ जाणवत होती. थोडं पुढं गेल्यावर तिनं विचारलं, रस्त्याला काय काय हाय, सांगा की. मी आजूबाजूला बघितलं. तुम्हाला खोटं वाटंल, मला सांगता येईना. जन्मभर मी खाली मान घालून चाकं बघितली. म्हणलं, शेतं हायत, हिरवी. ती म्हणाली, कशाची? मी म्हणलं, ज्वारी असंल. तिनं वास घेतला अन् म्हणाली, हरभरा हाय हो. आंबूस वास येतोय.

चाकूर जवळ आल्यावर दम खायला थांबलो. तिची शाळा समोर होती. नवी इमारत झालीय, ते मी सांगितलं न्हाई. शाळा आली एवढंच म्हणलं. तिनं त्या बाजूला तोंड केलं, थोडं चुकीच्या बाजूला. मी खांद्याला धरून वळवलं. मग ती खाली बसली, चाचपून कव्हर धरलं अन् पायडल हळूहळू फिरवत दांडा अन् पत्र्याच्या मधल्या फटीत नखाचा शेंडा घालून पुरा एक फेरा घेतला.

"कुठंच लागत न्हाई," म्हणाली. "लई चांगलं बसवलंत."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रस्त्यावरच बसलो अन् म्हणलं, सिंधु, माझं चुकलं. मागल्या साली चार इस्क्रू काढायला पायजे होते. लोकाच्या बघण्याला भ्यालो मी. तुझी येळवस खाल्ली. पुढच्या खेपेला तो ड्रेस घाल, मी कव्हरं उपटून फेकतो.

ती पदर खोचत उठली. रागानं न्हाई, समजावून सांगितल्यावाणी बोलली.

"आता काय नेसलं तरी सारखंच हो. बघणारी माणसं मला दिसत न्हाईत. ती आता तुमच्या एकट्याच्या वाट्याला आली."

शेत अजून तीन किलोमीटर होतं. मी सायकल धरली, ती बसली, अन् रस्त्याला जे जे दिसलं ते मोठ्यानं सांगत मी पायडल मारायला लागलो.