शेंदूर लावलेला बिबट्या

कर्जतभर फायबरचे बारा बिबटे उभे करायचे, बारा जणांनी ते रंगवायचे, महिनाभर लोकांनी फोटो काढायचे आणि मग लिलाव. ज्याने बिबट्या रंगवला, त्याने सांगितलेल्या विहिरीला त्या पैशांतून लोखंडी जाळी. कल्पना माझी, म्हणजे भिसेगावच्या उमाबाईंची. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, हुकूम सोडायची सवय काही जात नाही.

एक बिबट्या मी ठाकरवाडीच्या जिजाला दिला. लग्नघराच्या भिंती तिने रंगवल्या की बघत राहावं. तिच्या वाडीतल्या उघड्या विहिरीत गेल्या वर्षी खराखुरा बिबट्या पडला होता. रात्रभर ओरडत होता बिचारा, सकाळी मेलेला निघाला. तेव्हापासून जिजाला त्या विहिरीवर जाळी हवी होती.

तिने बिबट्याच्या अंगभर पांढऱ्या रंगात अख्खं रान काढलं. आणि शेवटी, कोणाला न विचारता, कपाळावर शेंदूर लावला.

झालं! वाड्यांवर वाघदेवाला असाच शेंदूर लावतात. दुसऱ्या दिवशी बाजारात उभ्या केलेल्या त्या बिबट्यापुढे नारळ फुटले, तिसऱ्या दिवशी उदबत्त्या लागल्या, आठवड्याभरात लोक चपला काढून पाया पडू लागले.

दहिवलीच्या हॉलमध्ये लिलाव झाला तेव्हा बाकीचे अकरा बिबटे हां हां म्हणता गेले. जिजाच्या बिबट्यावर कोणी बोली लावेना. त्यात निवृत्त वकील दत्तोपंत उठले. "देव विकायला काढलात, उमाताई?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी ओलं फडकं जिजापुढे धरलं. "पूस तो शेंदूर. नाहीतर तुझी विहीर उघडीच राहील."

"नाय पुसायची, बाई. शेंदराबिगर वाघदेव कंदी उभा राहतो का?" मग ती लोकांकडे वळली. "इकत घेऊ नका. देव हाय ना, मंग नवस बोला! त्याला नारळ नको, इहिरीला जाळी पायजे."

दत्तोपंतांना त्यांच्या बायकोने कोपराने ढोसलं. ते नाइलाजाने हात जोडून म्हणाले, "आमच्या केयूरचं लग्न जमू दे. जमलं की ठाकरवाडीची जाळी माझी."

"जमलं की नाय, बाबा," जिजा म्हणाली. "आमच्यात वाघदेवाला आदी द्यायचं, मंग मागायचं."

हॉल हसून लोटपोट झाला. वकीलसाहेबांनी खिशातून चेकबुक काढून तिथेच चेक लिहिला. लगेच नेरळच्या एका बाई नवस बोलायला उठल्या, त्यांच्यामागून आणखी तिघं. मी फडकं पर्समध्ये कोंबलं. जिजाची माफी मागायला मला दोन दिवस लागले, ते माझं मला ठाऊक.

बिबट्या वाडीत गेला. केयूरचं अजून कुठे जमलेलं नाही. पण जाळी बसली त्या दिवशी जिजा सरळ तिच्यावर चढली, मधोमध पालथी झोपली आणि खालच्या पाण्याकडे बघत म्हणाली, "आता कोण नाय मरायचा हितं." सगळी वाडी टाळ्या वाजवत होती आणि मला मेलं रडूच आवरेना.