कढत पाणी

"पाणी माझ्या हाताला सोसत नव्हतं मॅडम. मग त्याला कसं सोसलं?"

प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या मावशींनी विचारलं, तेव्हा मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला. मॅडम वाईट नव्हत्या. मावशींचा नवरा इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा त्या आवर्जून भेटून गेल्या होत्या. जाताना त्याच्या घशातून फिरवलेला कापसाचा बोळाही घेऊन गेल्या होत्या.

त्यांनी मावशींना स्टूल दिलं आणि सगळं समजावून सांगितलं. विषाणू साधा सर्दीचा, दुबळा करून ठेवलेला. बर्फाशिवाय उन्हातान्हात टिकेल अशी लस त्यातून करायची होती. म्हणून बाटल्या तापवायच्या, त्यातून जे तगतील त्यांचीच पैदास करायची आणि पुढच्या खेपेला आणखी तापवायचं. असं करता करता तो इतका टणक झाला की कढत पाण्यालाही दाद देईना. पण टणक झाला तो बिनकामाचाही झाला, अशी मॅडमची खात्री होती. माणसात शिरल्यावर विषाणूला आपलं कवच उकलावं लागतं. करकचून बांधलेलं गाठोडं टिकतं खरं, पण वेळेला सुटत नाही.

"मग ह्यांच्यात सुटलं कसं?"

"तेच तर!" मॅडमचा चेहरा उजळला. "एखाद्याला दोन्ही जमलं. उष्णता सोसायची आणि आत गेल्यावर उकलायचंही. आम्हाला हे शक्यच वाटत नव्हतं."

मावशी पदराशी चाळा करत राहिल्या. धोब्याला कामावरून काढल्यापासून प्रयोगशाळेतले अ‍ॅप्रन मावशींनी घरी नेऊन कढत पाण्यात भिजवायचे, असा नियम होता. मावशी नियमाला पक्क्या. नवरा सुतार, जन्मभराचा भुसा छातीत भरलेला, दोन पावलं चालला की धापा टाकायचा. अ‍ॅप्रनच्या बादलीतून वाफा निघाल्या की तो त्यावर तोंड धरून बसायचा. छाती मोकळी होते म्हणायचा. तुझ्या नोकरीचा मला झालेला फायदा तेवढाच, असं चिडवायचा. मावशींना नुसती सर्दी झाली. तो आठवड्यात गेला.

"बादली मीच त्यांच्या पुढ्यात ठेवायची," मावशी म्हणाल्या. "लांब बसले तर जवळ सरकवायची."

त्यांना वाटलं, मॅडम नाही म्हणतील. निदान, तसं काही सांगता येत नाही, एवढं तरी म्हणतील.

"वाफेवर?" मॅडम खुर्चीत सरसावल्या. "म्हणजे तुषारांतूनही टिकतो. मावशी, हे आधी का नाही सांगितलंत?"

"टणक झाल्याचं तुम्हाला माहीत होतं?"

"ते होतं. पण तो कुणाला लागेल असं वाटलं नव्हतं. मग तुम्हाला काय सांगायचं?"

मावशी उठल्या. ह्यांच्या घशातलं ते कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मॅडमनी कोपऱ्यातल्या पांढऱ्या कपाटाकडे बोट केलं. तिथे वाढतंय, छान वाढतंय, म्हणाल्या. माणसाच्या अंगाइतकी ऊब सारखी ठेवावी लागते.

मावशींनी कपाटाच्या दारावर तळवा टेकवला.

"उघडू नका हं. ऊब जाईल."

मावशींनी दार उघडलं नाही. हातही काढला नाही.