ज्योतीराम आणि बंद पडणारी पिकअप

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. कुरुळीत मेस चालवायची, दोनशे माणसांचं जेवण रोज बाराच्या आत कंपनीत पोचवायचं, तिथं गोड बोलून भागत नाही. पण गेल्या दोन महिन्यांत त्या पिकअपनं मला पार पिळून काढलं होतं. गाडी सोळा वर्षांची, डिझेलची. आज शहाण्यासारखी चालायची, उद्या सकाळी सेल मारून मारून कशीबशी उठायची, थरथरायची आणि चाकणच्या गर्दीत नेमकी बंद पडायची. जेवण तीनदा उशिरा गेलं. चौथ्यांदा गेलं तर आम्ही दुसरी मेस बघू, असं कॅन्टीनवाल्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

गाडी ज्योतीराम चालवायचा. लातूरकडचा माणूस, पंचेचाळिशीचा, सात वर्षं माझ्याकडे. कामाला वाघ, बोलायला मुका. आणि माझा सगळा संशय त्याच्यावरच होता.

झालं असं, की दिवाळीनंतर डिझेल जास्त लागायला लागलं. मी म्हटलं, हा विकतोय. लगेच बाजारातून टाकीसाठी कुलपाचं झाकण आणलं, किल्ली माझ्या गळ्यात. एक दिवसाआड सकाळी मी स्वतः गाडीत बसून पंपावर जायची, झाकण उघडायची, डोळ्यांदेखत डिझेल भरून घ्यायची. ज्योतीराम एका शब्दानं बोलला नाही. त्याचं ते न बोलणंही मला चोरासारखंच वाटलं. एकदा मन नासलं की समोरच्याचं काहीच गोड लागत नाही.

त्यात माझ्या एक लक्षात आलं. ज्या दिवशी मी पंपावर बरोबर जाते, त्या दिवशी गाडी दिवसभर नीट. ज्या दिवशी जात नाही, त्या दिवशी बंद. म्हणजे बाई गाडीत बसली की इंजिनाला अक्कल येते काय? मी हिशेब लावून टाकला. कुलपाचा राग काढतोय हा, मुद्दाम गाडी बंद पाडतोय.

मंगळवारी पंपाची पाळी नव्हती. तरी मी जेवणाची पातेली गाडीत चढल्यावर पुढच्या सीटवर जाऊन बसले. आज याला रंगेहाथ पकडायचं आणि आजच काढायचं, असं ठरवूनच बसले होते.

"पंपावर जायचं का, ताई?" ज्योतीरामनं विचारलं.

"नाही. सरळ कंपनीत."

पाच वेळा सेल मारल्यावर गाडी उठली. सगळी गाडी हिव भरल्यासारखी थरथरत होती. मी त्याच्या हातापायांवरची नजर हलवली नाही. तळेगाव चौकाच्या अलीकडे इंजिनाला धाप लागली आणि ते गप्प झालं. त्याचे हात स्टिअरिंगवर होते, पाय जिथं असायला हवा तिथंच होता. माणसानं काहीएक केलेलं नव्हतं. मागून हॉर्नचा कालवा सुरू झाला, म्हणून दोघा रिक्षावाल्यांना हाताशी घेऊन आम्ही गाडी कडेला ढकलली. अकरा वाजले होते.

मी शफीभाईंना फोन केला. आमच्या गाड्या तेच बघतात, गॅरेज चिंबळी फाट्याला. मोटारसायकलवरून आले ते कंटाळलेल्या तोंडानंच.

"ताई, फिल्टर बदलला, फीड पंप बदलला, पायपांचे वायसर बदलले, बॅटरी तपासली. आता बदलायचं म्हटलं तर तुम्ही आणि मीच राहिलो."

"मग मलाच बदला. सुटेन तरी एकदाची."

त्यांनी बॉनेट उघडून फिल्टरवरचा हातपंप दाबला. दाबलेला पंप वर येईना. पुन्हा दाबला, पुन्हा तसाच खाली बसून राहिला. शफीभाई गाडीच्या बाजूनं वाकून टाकीकडे बघत राहिले.

"हे झाकण उघडा."

मी गळ्यातली किल्ली काढली. झाकण फिरवलं तसा सूंऽऽ असा लांब आवाज आला. पंपावर माझं सगळं लक्ष मीटरच्या आकड्यांवर असायचं, म्हणून तो कधी कानावर आला नव्हता. टाकी हवा आत ओढून घेत होती. शफीभाईंनी झाकण माझ्या हातातून घेतलं आणि उलटं केलं. आत कुकरचं जुनं रबर कापून घट्ट बसवलेलं होतं. वरचं बारीक भोक एम-सीलनं बुजवलेलं होतं.

"हे कुणाचं काम?"

माझंच. त्या भोकातून बारीक नळी घालून हा डिझेल काढेल, अशी मला शंका आली होती. त्या भोकातून सुईसुद्धा गेली नसती, पण मी ते बुजवून टाकलं.

"ताई, तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडता, तेव्हा भोकं किती पाडता?"

"दोन."

"दुसरं कशाला?"

वीस वर्षं रोज हे करतेय. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच पाडलं तर दोन घोट तेल येतं आणि डबा अडतो. मी पंपावर झाकण उघडायची म्हणून त्या दिवशी गाडी चालायची, आणि दुसऱ्या दिवशी टाकीतच जीव घुसमटायचा. एवढं साधं मला कळलं नाही, याची मला फार लाज वाटली.

तरी तोंड आवरेना. "मग डिझेल जास्त का लागत होतं?"

शफीभाईंनी समोरच्या गाड्यांच्या रांगेकडे हात केला. "दिवाळीपासून रोज तास तास इथं गाडी चालू ठेवून उभी. डिझेल नाही तर काय पाणी पिणार?"

"म्या सांगितलं होतं, ताई," ज्योतीराम हळूच म्हणाला.

सांगितलं होतं. मीच म्हटलं होतं, कारणं नकोत मला.

शफीभाईंनी रबर काढून फेकलं, भोक तारेनं मोकळं केलं. हातपंप मारला आणि एका सेलमध्ये गाडी चालू झाली. बाराला पाच कमी असताना आम्ही कंपनीच्या गेटवर होतो. येताना शिव्या द्यायला सरावलेलं तोंड माफी मागायला उघडत नव्हतं.

मेसवर पोचल्यावर मात्र बोलले. "ज्योतीराम, माझं चुकलं. चोर म्हणून बघितलं तुझ्याकडे. मनात ठेवू नकोस. कुलूप काढून टाकते."

तो पातेली उतरवत होता. शेवटचं पातेलं खाली ठेवलं, हात पुसले आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

"दीड महिना झाला, ताई, निघोज्यात एका कंपनीच्या बसवर बोलवायलेत मला. गेलो न्हाई. गाडी अशी बंद पडायली अन् मी गेलो असतो, तर तुमी म्हणला असता, चोर होता, गाडी बिघडवून पळाला." त्यानं किल्ली माझ्याकडे सरकवली. "आज बिघाड सापडला. आता जातो."

मी म्हटलं, "जेवून तरी जा."

"जेवलो," तो म्हणाला. सकाळपासून तो माझ्याबरोबर होता. त्यानं काही खाल्लं नव्हतं.