ड्रायव्हर एकटा जेवत नाही

या, असे जवळ सरका. भिंतीला पाठ टेकायची तर टेका, पण कान इकडे असू द्या. एका लेकीची गोष्ट ऐकवायची आहे, आणि ती गोड आहे हे आधीच सांगून ठेवतो.

लेकीला घरात सगळे भिंगरीच म्हणत. डोळा उघडला की जी फिरायला लागायची, ती अंथरुणाला पाठ लागेपर्यंत. वडिलांनी उभी हयात बस चालवलेली. आता म्हातारपणी त्यांच्या आठवणी एकेका थांब्यावर उतरून गेल्या होत्या, बस मात्र चालूच होती. खिडकीशी खुर्चीत बसून ते दिवसभर हवेतलं चाक फिरवत. आणि कालपासून तोंडात घास म्हणून घेत नव्हते.

सकाळी नर्सबाई बजावून गेल्या, "संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर दवाखान्यात न्यावं लागेल. मग नळीनं भरवणं आलं." निघता निघता भिंगरीकडे बघून म्हणाल्या, "आणि ताई, तुम्हीही जरा बूड टेका. श्वास येतो-जातो, तेवढं नुसतं बघत बसा."

"तो न बघताही चालतो हो! घरात तेवढं एकच काम माझ्यावाचून चालतं."

दुपारी ती मऊ भाताची ताटली घेऊन बाबांपुढे उभी राहिली. "बाबा, आ करा. हे बघा, विमान आलं!"

"रस्त्यावर?" बाबांनी डोळे वटारले आणि ओठ गच्च मिटले.

"अहो, ही बस नाही, खुर्ची आहे!" भिंगरी ओरडली, आणि तिचं तिलाच रडू फुटलं. पाय भरून आले होते. ती शेजारच्या स्टुलावर मटकन बसली. नर्सबाईंचं ऐकायचं म्हणून नव्हे, पायच नाही म्हणाले.

टाळ-मृदंग थांबले की वीणा ऐकू येते ना, तसं झालं. तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. मांडीवर ताटलीची ऊब जाणवली. बाबांच्या हातांवर ऊन पडलं होतं, आणि मागे कुणाचं तान्हं झोपलं असावं अशा बेतानं ते वळण घेत होते. किती सुंदर गाडी चालवतात! तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

बाबांनी ब्रेक दाबला. चाक सोडून तिच्याकडे वळले.

"बसलास एकदाचा, कंडक्टर! कालपासून उभाच. तू उभा असताना मी जेवू कसा?"

भिंगरीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कंडक्टर शेजारी बसल्याशिवाय बाबांनी जन्मात डबा उघडला नव्हता. आई डबा भरायची तोही दोघांना पुरेल असा. आणि ही कालपासून उभ्यानं भरवतेय!

"चुकलं, ड्रायव्हरसाहेब."

"भूक लागलीय ना?"

"कडकडून," ती म्हणाली. खरंच लागली होती.

बाबांनी चमचा घेतला. पहिला घास तिला, दुसरा स्वतःला.

"मीठ कमी आहे," ते चावत म्हणाले.

"मग स्वयंपाकिणीला काढून टाकू या?"

"छे छे! पोरगी आहे माझी ती."

भिंगरी इतकी हसली की शितं खिडकीवर उडाली. बाबाही हसले, का ते कळलं नाही तरी. संध्याकाळी नर्सबाई आल्या, तेव्हा दोघांची दुसरी ताटली चालली होती.

तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेल, उभ्या उभ्या दुसऱ्याला भरवणारं. आज पानावर बसाल तेव्हा त्याची आठवण काढा, बाबांनो. जमलं तर त्याला हाताला धरून शेजारी बसवा.