चणे आधी, माळ नंतर

कतारमधल्या समैस्मा गावाच्या टोकाला भाड्याने घेतलेला तो व्हिला तिथल्या वसईकर ख्रिस्ती समाजाच्या मते ऐतिहासिक होता. इतिहास उणापुरा दहा वर्षांचा. पण तेवढ्यात तिथे प्रार्थना झाल्या, सोयरिकी जुळल्या, आणि भांडणं तर दर शुक्रवारी रीतसर झाली. आता दोहात खरं चर्च उघडलं, म्हणून व्हिला सोडायचा होता. शेवटच्या शुक्रवारी तिथे नर्स जोस्लीनने आपल्या वारलेल्या बाबासाठी माळ, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, ठेवली होती.

बाबा वसईत वारला तेव्हा हॉस्पिटलने तिला सुट्टी दिली नाही. तिकडे चर्चमध्ये मिस्सा झाली, पण माळ गावाने म्हणायची असते, आणि तिचं गाव आता हेच होतं. माळ संपली की उकडलेले चणे वाटायचे, ही वसईची रीत. तिने मोठं पातेलं भरून चणे उकडले, वर खोबरं पेरलं.

हॉलमध्ये मात्र समाजाची मीटिंग तापली होती. विषय गंभीर होता: जाताना भिंतीवर पाटी लावायची, तर तिच्यावर नावं कोणाची? घरमालक दुसऱ्याच दिवशी ती उपटणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण अध्यक्ष बर्नार्ड असल्या क्षुल्लक गोष्टींनी डगमगणारा गडी नव्हता.

"जोस्लीन, पाच मिन्टं थांब गो," तो म्हणाला.

पाच मिनिटांचा तास झाला. पाटीचा रंग ठरला आणि मोडलाही. तेवढ्यात खजिनदार रॉयने पातेल्याचं झाकण उचललं. मीटिंगला नाश्ता आला, असा या विद्वानांचा समज झाला. बशा फिरल्या. बर्नार्डने तर "थँक यू, सिस्टर" म्हणत दुसऱ्यांदा घेतले. बघता बघता पातेल्याचा तळ दिसला.

"खलास! चला, किल्ली द्यायचीय. यल्ला," बर्नार्ड हात पुसत म्हणाला.

जोस्लीनचं डोकं सणकलं. ती दारात आडवी उभी राहिली.

"अंकल, ते बाबाच्या माळेचे चणे होते. खाल्लेत ना? आता माळ म्हणा."

 मेलेल्याचे चणे खाऊन माळ न म्हणता उठणं, असं वसईत कोणी केल्याचं ऐकिवात नव्हतं. पाटीसाठी हमरीतुमरीवर आलेले पुढारी भरल्या पोटाने मुकाट गुडघ्यांवर आले. रॉयला तर शेवटचा घास गिळताना ठसका लागला.

बर्नार्डने खिशातून माळ काढली. "बाबाचं नाव काय गो?"

"इनास."

"इनासच्या आत्म्यासाठी," तो मोठ्याने म्हणाला, आणि अख्ख्या हॉलने ते नाव घेतलं. बाबा गेल्याचा फोन आल्यापासून तिच्यासमोर कोणीच ते उच्चारलं नव्हतं. तिला माळेतलं नमो मरिये म्हणता येईना. ती रडत राहिली आणि बाकीचे म्हणत राहिले.