काढून ठेवलेला शाफ्ट

मालक वामनरावांच्या दोन ट्रकांपैकी नवा कोरा होता तो श्रावण चालवायचा, आणि लष्कराच्या लिलावात घेतलेलं जुनं धूड त्याच्या थोरल्या भावाकडे, देवमनकडे. नव्याची फक्त मागची चाकं ओढायची. जुन्याच्या चारही चाकांना जोर. त्यामुळे चांदूर बाजारात चहाच्या दुकानी देवमन बसला की दुसऱ्या कुणाला बोलायची सोय नसे. काळ्या मातीत तुमच्या गाड्या म्हशीसारख्या बसतात, माझी निघते, हे त्याने सगळ्या पंचक्रोशीला पाठ करून ठेवलं होतं. श्रावणला तर ते लहानपणापासून पाजल्यासारखंच होतं.

एक गोष्ट मात्र देवमन सांगत नसे. दसऱ्याला नागपूरहून दीक्षाभूमीचं दर्शन घेऊन आला, की तो पुढच्या चाकांना जोर पोचवणारा शाफ्ट खोलून घरी खाटेखाली टाकायचा. डांबरी रस्त्यावर त्याचा उपयोग काय? उगाच तेल जास्त, आवाज जास्त. मृगाच्या आधी परत बसवला की झालं. दरसालचा शिरस्ता होता आणि आजवर कधी अडलं नव्हतं.

त्या वर्षी माघातच पावसानं झोडपलं. संत्री भरायला गेलेला श्रावणचा ट्रक बागेच्या उतारावर रुतला. मागच्या चाकाखाली कापसाच्या पऱ्हाट्या घालायला तो आडवा झाला, तेवढ्यात गाडी घसरली आणि चाक त्याच्या पायावर येऊन थांबलं. जॅक चिखलात बुडत होता. माती उकरावी तर गाडी आणखी खाली सरकत होती.

बागवान भगवंतनं नाल्यापलीकडच्या गावातून बैलजोड्या आणल्या. श्रावणनंच त्या परत पाठवल्या. बैल बिचकले तर गाडी अंगावर येईल, दादाची गाडी येऊ द्या, ती अलगद ओढून काढते, असं तो सगळ्यांना समजावत राहिला. जोड्या पलीकडे गेल्या आणि मागोमाग नाला भरून आला.

निरोप मिळाला तसा देवमन निघाला. घाईत त्याला खाटेखालचं काही आठवलं नाही. साखळी बांधली, पुढच्या चाकांना जोर देणारी दांडी ओढली, क्लच सोडला. मागची चाकं गरगरली, चिखल उडाला, आणि गाडी जागच्या जागी खाली बसली. पुढची चाकं हललीसुद्धा नाहीत. तेव्हा त्याला आठवलं. ती दांडी त्याने पुन्हा ओढली, पुन्हा ओढली, जणू ओढून ओढून खाटेखालचा शाफ्ट इथवर येणार होता.

तो खाली उतरून श्रावणजवळ चिखलात बसला. भगवंत नाल्याकडे पाणी पाहायला गेला होता.

"शाफ्ट घरी हाय रे," देवमन म्हणाला. "म्या काढून ठेवला."

श्रावण पांढराफटक पडला होता.

"मंग मी बैलं कावून धाडले?" तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. मग भावाचा हात धरून म्हणाला, "कोनाले सांगू नोको, दादा. मालक तुले गाडीवरून उतरवन."

यापेक्षा त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर देवमनला सोसलं असतं.

नाला उतरला, बैल आले, गाडी निघाली, तोवर दिवस मावळला होता. अमरावतीच्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. लवकर आणायचं होतं, एवढंच ते म्हणाले.

पुढे श्रावण कुबडी घेऊन त्याच चहाच्या दुकानी बसू लागला. चारही चाकं ओढणारी गाडी कशी काय फसली बुवा, असं कुणी ना कुणी विचारायचंच. देवमन तोंड उघडायच्या आत श्रावण सांगायचा, "मातीच तशी होती. दादाची गाडी होती म्हनून मी वाचलो."

लोक माना डोलवायचे. देवमन कपातला चहा तसाच टाकून गाडीखाली शिरायचा आणि शाफ्टचे नट उगाचच आवळत बसायचा.